बंदूक आपोआप जमा होत नाही

ताई, वर एकांनी लिहिलं की संरक्षण आदेश (बायकोला त्रास देऊ नको असा नवऱ्याला कोर्टाचा हुकूम) निघाला की नवऱ्याची बंदूक ठाण्यात जमा होतेच. तसं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आपोआप काही होत नाही, अर्जातच मागणी करावी लागते. २००६ च्या नियमांत मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं तर हिंसाचारात वापरलेलं हत्यार पोलिसांच्या मदतीनं जप्त करवण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला अधिकारी) दिलंय. परवाना रद्द करणं हे वेगळं प्रकरण, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय.

आमच्याकडे यवतमाळात बंदूक म्हणजे रानडुकरं-रोह्यांसाठी (रोही म्हणजे नीलगाय), पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. शेजारच्या वहिनीचा नवरा ती कधी रोखत नसे. जेवण झालं की ओट्यावर बसून, तिच्याकडे पाहत, फडक्यानं नळी पुसत राहायचा. तक्रारीत हे आलंच नाही. "मारलं तं नाही ना त्यानं बंदुकीनं," वहिनी म्हणे. अहो, तेच लिहायचं, तारखेसकट!

"मंग जागलीले काय काठी घेऊन जाऊ?" हे नवरा म्हणणारच; जागल म्हणजे रात्रीची पीकराखण. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हाही वावरं राखतातच की लोक. आणि जमा केल्याच्या पावतीची एक प्रत तिच्याजवळ राहू द्या.