गॅलरीतल्या सिगारेटसाठी डिपॉझिट कापणं योग्य आहे का?

कोथरूडकर
मागच्या महिन्यात वन बीएचके सोडला. डिपॉझिट 60 हजार, हातात आले 38. त्यातले 18 हजार 'सिगारेटच्या वासामुळे सगळ्या घराला रंग' म्हणून कापले आणि 4 हजार साफसफाईचे. मी सिगारेट ओढतो, लपवत नाही. पण गॅलरीत, दार लावून, दिवसाला चार-पाच. करारात धूम्रपानाबद्दल एक अक्षर नाही. मालक म्हणतात, 'चावी देताना तोंडी सांगितलं होतं.' मला आठवत नाही. त्यात सोसायटीची नोटीस: 'भाडेकरूंना फ्लॅटमध्ये धूम्रपानास सक्त मनाई.' फक्त भाडेकरूंना! चौथ्या मजल्यावरचे काका रोज जेवणानंतर गॅलरीत ओढतात, ते मालक आहेत म्हणून चालतं. कागदावर नसलेली अट मागाहून दाखवून पैसे कापणं मला सरळसरळ अन्याय वाटतो.

ठाण्याची घरमालकीण
दुसरी बाजूही ऐका. माझाही भाडेकरू 'फक्त गॅलरीत' म्हणायचा. पावसाळ्यात कोण उभं राहतं हो गॅलरीत? घर सोडल्यावर हॉलमधलं कॅलेंडर काढलं तर मागे पांढरा चौकोन आणि भोवतीची भिंत पिवळट. ओलं फडकं फिरवलं की चहासारखं पाणी निघायचं. नुसता रंग मारून भागलं नाही, आधी प्रायमर लावावा लागला. तरी कपाटातला वास दोन महिने होता. त्या घराचे हप्ते मी भरते. तेव्हापासून करारात अट घालते: घरात आणि गॅलरीत धूम्रपान नाही. पटत नसेल त्याने दुसरं घर बघावं.

नोंदणीवाला
रोज हेच करार करतो म्हणून लिहितो. आपल्याकडचा 11 महिन्यांचा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो. कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरूही नाही, वापराची परवानगी मिळालेले आहात. त्यामुळे मालकाला अशी अट घालता येते. पण ती लेखी हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. तुमचा करार नोंदवलेला असेल, तर त्यात नसलेली तोंडी अट मालकाला दाखवणं अवघडच.
2003 च्या तंबाखू कायद्याचंही लोक चुकीचं सांगतात. ती बंदी सार्वजनिक जागांसाठी आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. जिना, लिफ्ट यावर वाद घालता येईल, राहत्या घराच्या आतल्या खोलीवर नाही.

वरचा मजला
कायदा झाला, आता आमचं ऐका. मुलीला दमा आहे, सहा वर्षांची आहे. खालचे गृहस्थ साडेदहाला गॅलरीत येतात, त्यांचं दार बंद असतं, धूर आमच्या खिडकीतून आत येतो. आम्ही मेमध्येसुद्धा खिडकी लावून झोपतो. तुम्ही दार लावता म्हणजे तुमच्या घरात वास नको म्हणूनच ना? मग तो जातो कुठे? आणि हो, खालचे गृहस्थ भाडेकरू नाहीत, मालक आहेत. त्यांना कोणी नोटीस देत नाही.

वाकडची भाडेकरू
मी सिगारेटला हातही लावत नाही, तरी कोथरूडकरांच्या बाजूने. ही यादी सिगारेटवर थांबत नाही. मला करारात 'मांसाहार नाही', 'रात्री दहानंतर पाहुणे नाहीत' असं लिहून दिलंय, आणि एका एजंटने तर 'एकट्या मुलीला देत नाही' म्हणून फोन ठेवला. घर हवं म्हणून आपण सही करतो, त्याला संमती म्हणायचं?

ठाण्याची घरमालकीण
ताई, मटणाने भिंत पिवळी होत नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका. एकट्या मुलीला घर नाकारणं चूकच, माझ्याकडे आत्ता दोघी राहतात.

कोथरूडकर
नोंदणीवाले, आभार. करार नोंदवलेला आहे. आज मालकांना मेसेज केला: रंगाऱ्याचं बिल आणि भिंतींचे फोटो पाठवा. घर तीन वर्षांपूर्वी रंगवलेलं होतं, हे त्यांनीच तेव्हा सांगितलं होतं. मग आता सगळा खर्च माझ्याच माथी का? आत डाग दिसले तर तेवढ्या भिंतीचे पैसे देईन. सोसायटीच्या नोटिशीवर मात्र माघार नाही, नियम करायचा तर चौथ्या मजल्यालाही करा.
वरचा मजला, तुमचं वाचून गप्प झालो. माझ्याही वर एक कुटुंब राहायचं. त्यांची खिडकी कायम बंद असायची. मला वाटायचं, डासांमुळे असेल.

वरचा मजला
आमच्या खालच्यांनाही तसंच वाटत असेल. रविवारी जाऊन सांगते.