रात्री खाडीत सोडलेल्या पाण्याबद्दल कंपनीला जाब कसा विचारायचा?

खाडीवाला: आम्ही ठाणे खाडीतले कोळी. पूर्वी ओहोटीला चिखलात उतरलं की निवट्या, चिंबोरी हाताने मिळायची. आता अमावास्येच्या उधाणाला, मध्यरात्रीनंतर, एका कारखान्याच्या नाल्यातून तपकिरी फेसाळ पाणी येतं आणि सकाळी बोईटं पोट वर करून तरंगतात. तक्रार केली, माणूस चार दिवसांनी आला. तोवर भरतीने सगळं धुऊन नेलं होतं. मी बाटलीत पाणी भरून ठेवलंय, बायको फ्रिजजवळही ठेवू देत नाही. ती बाटली चालेल का?

जुना_वकील: दादा, पुरावा म्हणून बाटली कच्ची. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, कंपनीला नोटीस देऊन, ठरलेल्या रीतीने नमुना घ्यावा लागतो. पण व्हिडिओ काढा, तारीख, वेळ, भरतीची वेळ वहीत लिहा. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, पुणे खंडपीठात अर्ज करता येतो, मुदत पाच वर्षं. 'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व लवादाच्या कायद्यातच, कलम २० मध्ये आहे.

खाडीवाला: कारखाना म्हणेल, पाणी आमचं नव्हेच, नाल्यात सगळ्यांचंच येतं.

जुना_वकील: म्हणतीलच. म्हणून माहिती अधिकारात त्यांचं संमतीपत्र, म्हणजे सांडपाणी सोडायला मंडळाने दिलेली परवानगी, मागवा. रोज किती सांडपाणी, कुठे सोडायचं, सगळं त्यात असतं.

वाशीची_ताई: मासळी विकल्याच्या पावत्या असतील तर त्याही जपा. नुकसान किती, हे विचारतातच.

खाडीवाला: पावत्या? बाजारात कोण देतं हो! आईची वही आहे, तीच शोधतो.