मदत हवी आहे: गावात साथ आहे, रविवारच्या उपासनेसाठी सूचनापत्र आणि प्रार्थना

बारनबा_नगर
सलाम सगळ्यांना. आमच्या गावात साथ चालू आहे आणि या रविवारी प्रभुभोजन आहे, म्हणजे सगळ्यांना भाकर आणि एकाच प्याल्यातून द्राक्षारस. पाळकसाहेबांनी सांगितलंय की उपासनेत वाचायला एक सूचनापत्र आणि एक प्रार्थना लिहून आण, मी तरुण संघाचा सेक्रेटरी ना, मग सगळं माझ्याच गळ्यात. पंचांमध्ये दोन तट पडलेत, अर्धे म्हणतात प्याला बंद करा आणि अर्धे म्हणतात प्याला बंद म्हणजे विश्वासच बंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे. कोणाकडे तयार असेल तर सरळ इथे टाका, लांबलचक चर्चा नको प्लीज.

सायमन_पुणे
छोटे कप घ्या, विषय संपला. आम्ही करोनापासून तेच वापरतो, एक ट्रे घेतला की चाळीस जणांचं भागतं. आणि हे काही नवं फॅड नाही, जंतूंमुळे रोग होतात हे लोकांना पटल्यावर 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या मंडळ्यांनी हे सुरू केलं. शिवाय उपासना लाईव्ह करा, आजारी लोक घरून बघतील. लाईव्हची सेटिंग पाहिजे असेल तर सांगतो, स्वस्तात होतं.

वाडीवरची_मंगल
अरे बाबा साथ कसली ते लिही ना आधी. डेंग्यू असेल तर प्याल्याचा काही संबंधच नाही, कुंड्या आणि टाक्या बघाव्या लागतील. गोवर असेल तर शाबाथशाळा, म्हणजे पोरांचा रविवारचा वर्ग, बंद. फ्लू असेल तर वेगळं. मी चाळीस वर्षं मिशन दवाखान्यात नर्स होते, "साथ आहे" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

बारनबा_नगर
ताई साथ म्हणजे साथ, घरोघरी माणसं पडलीत. आणि लाईव्ह कसलं, चर्चमध्ये रेंज येत नाही, फोन लावायला बाहेर चिंचेखाली यावं लागतं.

अभिषेक_पूर्ण
बंधू घाबरू नका, स्तोत्र 91 मोठ्याने वाचा, सगळ्या मंडळीने मिळून, मरी तुमच्या तंबूजवळ येणार नाही असं वचन आहे. प्याला थांबवणं म्हणजे सैतानाला दार उघडणं. आमच्याकडे तीन दिवस उपास-प्रार्थना झाली आणि एकालाही काही झालं नाही.

पंच_निवृत्त
अभिषेकभाऊ, मत्तय 4 उघडा आणि 6 वं वचन बघा, मंदिराच्या टोकावर उभं राहून हेच स्तोत्र 91 कोण म्हणून दाखवतंय ते. आणि प्रभूने काय उत्तर दिलं तेही वाचा, परमेश्वराची परीक्षा पाहू नको. 1527 साली जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथर गाव सोडून गेला नाही, आजाऱ्यांजवळ राहिला. पण त्याच वर्षी त्याने पत्रात काय लिहिलं तर देवाची प्रार्थना करीन आणि मग घराला धुरी देईन, औषध घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला गरज लागली तर मागे हटणार नाही. हे दोन्ही एकत्र असतं, तुम्ही एकच धरून बसता.

अभिषेक_पूर्ण
लूथर माणूस होता, मी वचनावर बोलतोय.

गिरीजकर
आम्ही वसईकडचे कॅथलिक. आमच्याकडे लोकांना बहुतेक नुसती भाकरच देतात, भाकरीत संपूर्ण ख्रिस्त आहे असं आम्ही मानतो, त्यामुळे प्याल्याचा वादच नाही. साथीवरून आठवलं, मुंबईत 1896 चा प्लेग आला तेव्हा गावठाणांतून लोकांनी क्रूस उभारले, बांद्र्याला, गिरगावात अजून आहेत, वर्षातून एकदा तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. रोमलाही सान मार्चेल्लो चर्चचा क्रूस आहे, 1522 च्या प्लेगात मिरवला होता, 2020 च्या मार्चमध्ये पोपनी रिकाम्या चौकात तोच ठेवून प्रार्थना केली. तुम्हीपण क्रूस घेऊन एक फेरी काढा गावातून.

सायमन_पुणे
साथीत मिरवणूक?? गर्दी करून?

गिरीजकर
फेरी म्हटलं मी, मिरवणूक नाही. चार माणसांचीही होते. तुमच्या लाईव्हपेक्षा बरी.

वाडीवरची_मंगल
बारनबा, रोग कोणता?

बारनबा_नगर
काविळ हो. सांगितलं नव्हतं का? डोळे पिवळे, उलट्या, अन्न नको वाटतं. आशाताई रोज फिरतेय.

पंच_निवृत्त
मग तर वाद मिटला. इंग्लंडला 2009 च्या जुलैमध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी कँटरबरी आणि यॉर्क दोन्ही आर्चबिशपांनी सगळ्यांचा एकच प्याला थांबवा असं सुचवलं होतं, आणि त्याला आधार 1547 च्या कायद्याचा, म्हणजे गरज पडली तर नुसती भाकर देता येते हे तेव्हापासून लिहिलेलं आहे. तुम्ही सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे ना? बिशपांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत.

सायमन_पुणे
तेच म्हणतोय मी, छोटे कप.

वाडीवरची_मंगल
थांबा रे दोघं. बारनबा आता एवढं सांग. आजारी पोरं जास्त आहेत का तरणीताठी माणसं? चर्चमध्ये पाणी कुठलं पितात? उपासनेनंतर जेवण असतं का? आणि पाण्याचा नमुना तपासायला गेलाय का?

बारनबा_नगर
पोरं कमी, मोठीच जास्त, वीस-पंचवीस ते चाळीसच्या आसपासची, कारखान्यावर जाणारी, शेतावरची. पाणी चर्चच्या विहिरीचं, मिशनच्या काळातली विहीर आहे, दुष्काळातही आटली नाही, अख्खी वाडी तिथलंच भरते. प्रभुभोजनाच्या रविवारी प्रीतिभोजन असतंच की, वरणभात, जिलेबी, ते काय सांगायचं. नमुना ग्रामपंचायतीने नेलाय म्हणतात. पण ताई मी सूचनापत्र मागितलंय, विहिरीचा प्रश्न ग्रामपंचायतीचा आहे.

वाडीवरची_मंगल
विहिरीचाच प्रश्न आहे रे. मोठ्या माणसांमध्ये अशी पसरलीय म्हणजे हेपॅटायटिस ई चा संशय येतो, पोरांत असती तर ए म्हटलं असतं, नक्की काय ते रक्त तपासूनच कळेल. ई मुख्यतः सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येते. 1955-56 ला दिल्लीत यमुनेचं असंच झालं आणि जवळपास 29 हजार लोक पिवळे पडले, ती ई होती हे कितीतरी वर्षांनी कळलं. आपल्याकडे 2012 ला इचलकरंजी. माणसापासून माणसाला ई फारशी लागत नाही, म्हणजे तुम्ही ज्या प्याल्यावरून भांडताय तो यातला सगळ्यात लहान भाग. आणि सायमन, ते तुझे चाळीस कप कशाने धुणार? त्याच विहिरीच्या पाण्याने ना?

सायमन_पुणे
डिस्पोजेबल पण मिळतात.

वाडीवरची_मंगल
घे मग डिस्पोजेबल, मी नाही म्हणत नाही. नाहीतर पंच म्हणतात तशी या वेळी नुसती भाकर. पण प्याला थांबवून वरणभाताबरोबर तांब्यातून तेच पाणी प्यायले तर काय मिळवलं? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मंडळीत गरोदर बाया आहेत का? शेवटच्या तीन महिन्यांत ई झाली तर पाचातली एखादी बाई हातची जाते. आशाताईला आजच सांग, गरोदर बायांची यादी तिच्याकडे असते, त्यांना उकळलेलं पाणी घरपोच मिळालं पाहिजे. डोळे पिवळे दिसले तर दवाखाना, वाट बघायची नाही.

तिसगावची_लेक
काविळीची माळ घालतात बघा आमच्याकडे, जशी काविळ उतरते तशी माळ लांबत लांबत खाली येते. आमच्या सासूबाईंना त्यानेच गुण आला. पाळकांनी घालू द्यावी का नाही यावर कोणी बोलेल का?

अभिषेक_पूर्ण
माळ घालणं मूर्तिपूजा आहे.

तिसगावची_लेक
आणि तेल लावणं चालतं होय?

पंच_निवृत्त
तेल याकोब 5:14 मध्ये आहे ताई, पण ते औषधाच्या ऐवजी आहे असं तिथे कुठे लिहिलंय. हिज्कीया राजाने प्रार्थनाही केली आणि यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेपही लावायला सांगितला, 2 राजे 20.

वाडीवरची_मंगल
माळेने काही होत नाही, माळ सैल होते कारण दोऱ्यात अडकवलेली काटकं वाळतात. ही काविळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि नाव माळेचं होतं. घातली तर घालू दे, पण माळ घातली म्हणून दवाखाना चुकवू नका.

बारनबा_नगर
गरोदर दोघी आहेत. एक पाळकसाहेबांचीच सून, आठवा लागलाय. फोन केला आत्ता आशाताईला. ती म्हणाली विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात पण ओटी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, कोणी घेत नाही; उरलं असेल तर पाणी पिवळं होतं, ते कोणी बघितलेलंच नाही. रिपोर्ट अजून नाही. बरं पाळकसाहेबांनी स्वतः एक प्रार्थना लिहिली होती ती टाकतो: "हे परमेश्वरा आमच्या पापांमुळे तू आमच्यावर ही मरी पाठवलीस, तुझा कोप आवर." हीच ठेवू का?

पंच_निवृत्त
ठेवू नका. विहिरीच्या बाजूला संडासाचा खड्डा आहे का ते आधी बघा आणि मग देवाच्या कोपाचं बोला. आंधळ्याविषयी शिष्यांनी विचारलं की पाप कोणाचं, तर प्रभूने ते मोडून काढलं, योहान 9. शिलोहाचा बुरूज पडून मेले ते जास्त पापी होते असं नाही, लूक 13. ज्या घरात माणूस आजारी आहे त्या घराला रविवारी हे ऐकवायचं? पश्चात्ताप करायचाच तर कमिटीने करावा, विहीर उपसली कधी शेवटची?

गिरीजकर
हे बरोबर बोललात. मी एक लिहून देतो, तुम्हाला आमची भाषा वेगळी वाटली तर बदला.

हे दयाळू पित्या, आमच्या वाडीतली माणसं अंथरुणाला खिळली आहेत, त्यांच्या तोंडाला चव नाही आणि अंगात बळ नाही, त्यांच्याजवळ बस. पोटात बाळ वाढवणाऱ्या आमच्या लेकीसुनांना सांभाळ. दारोदार फिरणाऱ्या आशाताईला, नर्सबाईंना, पाणी तपासणाऱ्यांना थकू देऊ नको. यरीहोचं वाईट पाणी तू अलीशाच्या हातून चांगलं केलंस, आमच्या विहिरीसाठी आम्हाला हात दे आणि आळस झटकायला लाव. ज्यांच्या घरी आम्ही भीतीने गेलो नाही त्यांच्याकडे जायची बुद्धी दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.

बारनबा_नगर
वा. ही घेतो. "थकू देऊ नको" नंतर दोन घरांची नावं घालतो, त्यांना विचारून.

वाडीवरची_मंगल
नावं विचारूनच घाल, बरं केलंस. सूचनापत्रात एवढंच लिही, साध्या शब्दांत: या रविवारी प्रीतिभोजन नाही. विहिरीचं पाणी कोणी तसंच पिऊ नये, खळखळ उकळून गार करून झाकून ठेवावं, भांडी घासायलाही शक्यतो तेच. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात, सॅनिटायझरवर या काविळीत भरवसा ठेवू नका. डोळे पिवळे झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी स्वयंपाकाला आणि भाकर वाटायला उभं राहू नये, त्यात कमीपणा काही नाही. मनाने गोळ्या घेऊ नका, पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरला विचारून, आणि दारू पूर्ण बंद. पाळकांनी आजाऱ्यांकडे जरूर जावं, प्रार्थना करावी, तेल लावावं, निघताना साबणाने हात धुवावेत. चहा दिला तर घ्यावा, उकळलेला असतो, पाणी घेऊ नये.

अभिषेक_पूर्ण
उपास-प्रार्थनेचं पण लिहा सूचनापत्रात.

वाडीवरची_मंगल
काविळीच्या माणसाने उपास करायचा नाही. बाकीच्यांनी खुशाल करा.

बारनबा_नगर
शनिवार. पाळकसाहेबांना दाखवलं. प्रीतिभोजन बंद हे ऐकून एक पंच उठून गेले, पण पाळकसाहेब सुनेला असलेल्या धोक्याचं ऐकून गप्प झाले आणि म्हणाले भाकरच देऊ. प्रार्थनेत अलीशाचं वाक्य त्यांना फार आवडलं. रिपोर्ट सोमवारी. आरोग्यसेवक आज आला, मोजून टीसीएल टाकलं आणि अर्ध्या तासाने ओटी घेतली, पिवळी आली. चर्चच्या मागे शोषखड्डा आहे, विहिरीपासून लांब नाही, त्यावर सोमवारीच कमिटी बसवतोय. आता एक राहिलंच. पुढच्या रविवारी दोन लेकरांचे बाप्तिस्मे आहेत, पाणी विहिरीचंच असतं नेहमी, ते पुढे ढकलू का?

सायमन_पुणे
बाटलीबंद पाणी वापरा.

पंच_निवृत्त
बाप्तिस्म्याला बिस्लेरी?

वाडीवरची_मंगल
ढकलू नको. आदल्या दिवशी विहिरीचंच पाणी उकळून, गार करून, झाकून ठेव, म्हणजे दोघांचंही समाधान. फक्त लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नका. आणि पाळणा बघायला आलेल्यांना सरबत देऊ नका म्हणावं, बर्फ कुठला असतो ते कोणी विचारत नाही.