उ: गोलाभोवती सात समया सारख्या अंतरावर कशा बसवायच्या

प्रश्न असा की शिगम्याच्या बॅनरला गोलाभोवती सात समया सारख्या अंतरावर हव्यात, आणि त्यावर आधी कुणीतरी गाइडलाइन मारून नजरेने बसवा असं उत्तर दिलंय, पण सात ही आकडेमोडच अशी आहे की नजर फसतेच. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४३, तुम्ही ५१ धरलंत तर शेवटी तीन अंशांची जादा फट राहते आणि फोंड्याच्या नाक्यावर दहा फुटी फ्लेक्स लागला की तीच आधी दिसते.

इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर) असं करा, समईवर एकदा क्लिक, परत एकदा क्लिक, की मधे बारीक अधिकचं चिन्ह येतं, म्हणजे फिरण्याचं केंद्र, ते ओढून गोलाच्या केंद्रावर न्या, स्नॅप (नेमक्या बिंदूला आपोआप चिकटणं) चालू ठेवूनच. हे चिन्ह हललं नाही तर समई जागेवरच गरगर फिरते. मग एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. ओळ १, कॉलम ७, रोटेशनमध्ये दर कॉलमला ५१.४३, आणि शिफ्टच्या टॅबमध्ये कॉलमखाली एक्सक्लूड टाइल टिक करा, नाहीतर समया सरकत सरकत पार पानाबाहेर जातात. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे सगळे क्लोन, म्हणजे मूळ समईशी जोडलेल्या प्रती असतात, मूळ समईचा रंग बदलला की साती बदलतात, आणि कमिटीवाले आदल्या रात्री रंग बदला म्हणतातच.

इलस्ट्रेटरवाल्यांनी (अडोबीचं तसंच सॉफ्टवेअर) रोटेट टूल घेऊन ऑल्ट दाबून केंद्रावर क्लिक करायचं, कोनात सरळ ३६०/७ लिहून कॉपी, मग तीच क्रिया परत करायला कंट्रोल डी दाबत राहायचं.

समया फिरायला नको, सगळ्या उभ्याच हव्यात तर मात्र इंकस्केपमधलं पोलर अरेंज (गोलावर मांडणी) वापरा आणि त्यातली रोटेट ऑब्जेक्ट्सची टिक काढून टाका. माझ्या मते समईला तेच शोभतं, उलटी ज्योत बघवत नाही.