‘हवामान-लवचिक’? शहर, भराव आणि तग

अर्धविराम

मंडळी, एका भूगोलविषयक पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि मथळ्यातच अडकलेय. ‘क्लायमेट-रेझिलियंट अर्बन ग्रोथ इन स्मॉल आयलंड नेशन्स’. आधीच्या भाषांतरकाराने केलेलं: ‘लहान बेट राष्ट्रांमध्ये हवामान-लवचिक शहरी वाढ’. हे वाचून मला वाटलं, हवामानच लवचिक आहे. आत सगळी हकिकत मालदीवची आहे: राजधानी माले, आणि तिच्याशेजारी समुद्र बुजवून केलेलं हुळुमाले. मला चार शब्द हवेत: रेझिलियंट (संकट झेलून टिकणारं), रेक्लमेशन (समुद्र बुजवून जमीन करणं), अटोल (प्रवाळाचं कडं आणि त्यावरची बेटं), आणि द्वीप घेऊ की बेट? वाचक आठवी-नववीचे.

जुनेजाणते

अर्धविरामताई, ‘लवचिक’ तर आधी काढा. लवचिक म्हणजे लवणारं, वाकणारं. वेताची छडी लवचिक. मालेभोवती जी भिंत आहे ती लवत नाही, म्हणून तर ती तिथे आहे. एप्रिल १९८७ मध्ये मोठ्या लाटा माले शहरात आणि विमानतळावर घुसल्या. त्याच वर्षी मालदीवचे अध्यक्ष गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत समुद्राची पातळी वाढण्याचं गाऱ्हाणं मांडलं. मग जपानच्या मदतीने टेट्रापॉड आणि भिंती आल्या. आपल्या मरीन ड्राइव्हला असतात तेच चारपायी काँक्रीटचे ठोकळे.

सरकारी मराठीत शेतीच्या योजनांमध्ये ‘हवामान अनुकूल’ चालतं. तेही नको. ‘हवामान अनुकूल असल्यास बोटी निघतील’ हे आपण रोज ऐकतो, तिथे त्याचा अर्थ वारा-पाऊस बरा असला तर. मुलं गोंधळतील.

माझं मत: तग. ‘हवामानबदलात तग धरणारी शहरं’.

खाडीकाठ

१९८७ च्या लाटांना तुमच्या पुस्तिकेत ‘उधाण’ म्हटलं असेल तर बदला. उधाण आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला येतं, त्याची तिथी ठरलेली असते, आणि त्याच्या उलट भांग. मालेत घुसल्या त्या लाटा दूरच्या समुद्रातल्या वादळाने उठलेल्या, स्थानिक आभाळ निरभ्र असतानाही येणाऱ्या. केरळातले मच्छीमार अशा समुद्राला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र. मराठीत मला असा नेमका शब्द माहीत नाही. ‘दुरून आलेल्या लाटा’ असं साधं लिहा.

रेक्लमेशनला भराव. दुसरा शब्दच नको. आमच्या गावच्या बंदरावर भराव टाकला तेव्हा कोणी ‘भूमी पुनःप्राप्ती’ म्हटलं नाही.

मात्रावृत्त

भराव हा शब्द इंग्रजीपेक्षा प्रामाणिक आहे, हे सांगायलाच आलो होतो. इंग्रजीतला शब्द म्हणतो ‘परत मिळवणं’, जणू ती जमीन आपलीच होती आणि समुद्राने लाटली होती. मराठी फक्त काय केलं ते सांगते: भर घातली. (मुंबईत मात्र आपण खुशाल ‘बँड्रा रेक्लमेशन’ म्हणतो, रिक्षावाल्याला ‘वांद्रे भराव’ सांगून बघा.)

हुळुमालेचं तेच. १९९७ मध्ये काम सुरू झालं, खाजणातली, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यातली वाळू ड्रेजरने उपसून टाकली. पहिला टप्पा १८८ हेक्टर, २००४ मध्ये लोक राहायला गेले. दुसरा टप्पा २०१५ मध्ये, २४० हेक्टर. जमीन समुद्रसपाटीपासून साधारण दोन मीटर उंच ठेवली. नैसर्गिक बेटं बहुतेक त्याहून सखल. म्हणजे तगायचं म्हणून अर्धा मीटर जास्त, एवढंच त्या शहराचं भांडवल.

खाडीकाठ

खाजण नको हो तिथे. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी, चिखलाची जमीन, भरतीला पाणी चढतं आणि ओहोटीला उतरतं, बांध घालून भात लावतात. प्रवाळाच्या आतलं पाणी स्वच्छ, निळं, वाळूच्या तळाचं. त्याला ‘लगून’च ठेवा, किंवा ‘आतलं उथळ पाणी’.

मात्रावृत्त

मान्य. मी घाटावरचा, खाजण पुस्तकातच पाहिलं.

काना-मात्रा

अटोलवर माझं पाल्हाळ. हा शब्द इंग्रजीला मालदीवनेच दिला. दिवेहीत, म्हणजे तिथल्या भाषेत, तो ‘अतोळु’, शेवटी आपला ‘ळ’. इंग्रजीला ळ नाही, म्हणून तो ल झाला, आणि आपण इंग्रजीकडून परत ‘अटोल’ घेतला. हुळुमाले लिहिताना अर्धविरामने ळ लिहिलाय, बरं वाटलं. वर्तमानपत्रात ‘हुलहुमाले’ छापतात, कारण रोमन लिपीत ळ दाखवायला ‘एलएच’ वापरतात आणि आपण तो अक्षरशः वाचतो.

दिवेही ही आर्यकुळातली भाषा, सिंहलीची सख्खी, म्हणजे मराठीची लांबची का होईना नातेवाईक. देशाचं नाव ‘दिवेही राज्जे’. राज्जे म्हणजे राज्य, आणि दिवेही हा शब्द ‘द्वीप’वरून. लक्षद्वीपच्या मिनिकॉयवरही तीच भाषा बोलतात. तेव्हा मालदीवच्या बाबतीत ‘द्वीप’ हा घरचाच शब्द आहे: द्वीपराष्ट्र. सुट्या बेटाला मात्र बेट. ‘बेट राष्ट्र’ नको, बेट म्हटलं की मला अजून आधी बांबूचं बेट आठवतं. अटोलला ‘कंकणद्वीप’ सुंदर आहे, पण एका अटोलमध्ये अनेक बेटं असतात, म्हणून ‘प्रवाळवलय’.

अर्धविराम

भराव, द्वीपराष्ट्र, प्रवाळवलय घेतले. ‘तग’ जवळपास घेतलाच होता, पण एक परिच्छेद आडवा आला. ‘रा’ नावाच्या प्रवाळवलयातलं कंदोळुदू बेट २००४ च्या त्सुनामीत राहण्याजोगं उरलं नाही. लोक काही वर्षं तात्पुरत्या निवाऱ्यात राहिले आणि मग दुवाफरू नावाच्या ओसाड बेटावर त्यांच्यासाठी नवं गाव बांधलं. पुस्तिका याला ‘रेझिलियन्स’चं उदाहरण म्हणते. बेटाने तर तग धरला नाही. मग ‘उभारी’ म्हणू? ‘पुन्हा उभारी घेणारी शहरं’?

जुनेजाणते

उभारी माणूस घेतो, आजारातून उठल्यावर. शहराला लावलं तर निवडणुकीच्या जाहिरातीसारखं वाटतं.

पण तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. ‘तग धरणे’ला कर्ता लागतो. कोण धरतं? बेट, भिंत, शहर की माणसं? इंग्रजी विशेषण हा प्रश्न गिळून टाकतं. मराठीत वाक्य करायला घेतलं की तो घशात अडकतो, आणि ते बरं आहे. मथळ्यात ‘तग धरणारी शहरं’ ठेवा, पण आत प्रत्येक ठिकाणी कर्ता लिहा. मालेत भिंतीने लाट थोपवली. कंदोळुदूत लोक सावरले, बेट सोडून.

खाडीकाठ

आणि प्रवाळाला वेगळं क्रियापद द्या. प्रवाळाची रांग लाट थोपवत नाही, तिचा जोर मोडते. गंमत अशी की भराव घालताना उठणारा गाळ त्याच प्रवाळावर बसतो. म्हणजे शहराची वाढ त्याच्या तगण्याच्या मुळावर. ‘ग्रोथ’ला ‘विकास’ लिहू नका, ‘वाढ’च लिहा. वाढ सुजेचीही असते.

मात्रावृत्त

सूज कशी म्हणता? दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर गर्दी झाली, म्हणून तर भराव घातला. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पाच लाखांवर गेली आणि त्यातले दोन लाखांहून जास्त लोक माले शहरात, हुळुमाले धरून. दवाखाना, कॉलेज, नोकरी मालेत, तर लोक कुठे जाणार? २०१८ पासून पूलही झाला, आता हुळुमालेहून मोटारसायकलवर कामाला येतात. त्यांच्या दृष्टीने तो विकासच आहे.

खाडीकाठ

तेही खरं. मीही बारावीनंतर तालुक्याला गेलो. तरी मालेजवळचं तिलफुशी बेट बघा, १९९२ पासून मालेचा कचरा टाकून टाकून तिथे जमीन तयार झाली. तिला विकास म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अर्धविराम

‘वाढ’ ठेवते. आता शेवटचा, छोटा. बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत साठतं. मालेत उपसा इतका झाला की ते बिघडलं, आता सगळी भिस्त समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांवर. डिसेंबर २०१४ मध्ये त्या यंत्रांच्या ठिकाणी आग लागली आणि शहराला प्यायला पाणी नव्हतं. भारताने विमानांनी, जहाजांनी पाठवलं. तर त्या बिघडलेल्या पाण्याला ‘क्षारयुक्त’ म्हणू?

खाडीकाठ

ताई, मचूळ! आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं. चहा केला की कळतं, कितीही साखर घाला, मागे चव राहते. आई त्या महिन्यात पाहुण्यांसाठी वेगळी कळशी भरून ठेवायची.

अर्धविराम

मचूळ लिहून पाठवलं होतं. संपादकांनी ‘क्षारयुक्त’ करून परत पाठवलं, समासात ‘प्रमाण शब्द वापरावा’. मी पुन्हा मचूळ केलंय आणि कळशीची गोष्ट त्यांना फोनवर सांगितली. ते मूळचे अलिबागकडचे निघाले. आता राहिलाय.