बाबूजींना शेवटच्या दिवसांत काय पाहिजे हे घरात बोलायचं कसं?

कास्तकार_दारव्हा:
बाबूजींना तोंडाचा कॅन्सर आहे, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खूप जुना. नागपूरले ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता डॉक्टर म्हणते छातीत पसरलं, घरीच सेवा करा. बाबूजी परवा वावरात बसून म्हणे "आता मले नागपूरले नेऊ नको बाप्पा", तर माय रडायले लागली अन् विषय तिथंच थांबला. मोठा भाऊ पुण्याले, तो फोनवर म्हणते काही होऊ दे आयसीयूत टाका, पैशाचं मी पाहतो. अन् गावातले लोक उद्या म्हणतीन वावर वाचवाले बापाले दवाखान्यात नेलं नाही. त्यांच्या मनात काय आहे ते पुरं विचारायचं आहे पण सुरू कुठून करू?

माई_आर्वी:
भाऊ, बाबूजींनी स्वतःच विषय काढला आहे, म्हणजे अर्धं काम त्यांनीच केलं. आता फक्त विचारा, "नागपूरले काऊन नाही जायचं?" आणि मग गप्प बसून ऐका. आमच्या सासऱ्यांशी बोलणं निघालं ते विनोबांवरून, त्यांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न-औषध सोडलं होतं, त्या वयाच्या माणसांना इकडे ते चांगलं आठवतं. सासरे म्हणाले मी काही विनोबा नाही, मले दुधात कुस्करलेली भाकर शेवटपर्यंत पाहिजे, पण दवाखान्यात हात बांधून नळ्या घालू नका. आम्हाला वाटत होतं ते मरणाला भीत असतील, त्यांना भीती होती ती बांधून ठेवण्याची! आणि हे बोलणं मोठ्या भावासमोरच होऊ द्या, फोनवर नको, तुमच्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटेल तुम्हीच थकले सेवा करून. आईंना आधी एकटं गाठून बोला, त्यांना रडू द्या, रडल्या म्हणजे नाही म्हणाल्या असं नसते.

सिस्टर_वर्धा:
काही गोष्टी नेमक्या विचारून घ्या. गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी चालेल का, श्वास अडला तर गळ्याला छिद्र पाडायचं का, व्हेंटिलेटर लावायचा का. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे प्रसंग खरंच येतात आणि रात्री दोन वाजता गाडी दारात उभी असताना कोणालाच सुचत नाही. बाबूजी शुद्धीवर आहेत तोवर उपचार नको म्हणायचा हक्क त्यांचाच आहे. पुढे शुद्ध राहिली नाही तर काय, यासाठी लिव्हिंग विल, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करता येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली आणि २०२३ ला पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावंही त्यात लिहायची. एक प्रत घरच्या डॉक्टरकडे द्या.
नळी नको म्हणजे उपचारच नको असं नाही हे भावाला नीट सांगा. दुखण्यासाठी मॉर्फिन मिळते, डॉक्टरच्या देखरेखीत त्याची सवय लागेल म्हणून भिऊ नका, पोट साफ होण्याचं औषध मात्र सोबत लागते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या सेवेची, चौकशी करा. अजून एक, ऐकायला जड आहे, जखमेतून एकदम रक्त येऊ शकते, गडद रंगाचे टॉवेल त्यांच्या उशाशी ठेवा म्हणजे माय आणि ते दोघंही कमी घाबरतील.

भूमिपुत्र_पुसद:
गावाचं सोडा हो. सरपंच, मामा, जो कोणी मानाचा असेल त्याच्यासमोर बाबूजींना एकदा स्वतःच्या तोंडानं सांगू द्या, मग वावराचं कोणी काढणार नाही.

कास्तकार_दारव्हा:
लय आधार वाटला. भाऊ पोळ्याले येऊन राहिला, तेव्हाच बसवतो सगळ्यांले. मायशी आजच बोलतो. कागदावर तलाठ्याची सही चालते का ताई?

सिस्टर_वर्धा:
नाही भाऊ, तलाठी राजपत्रित नसतात. तहसीलदार चालतील, नाहीतर तालुक्याला कोर्टाजवळ नोटरी बसतात. बाबूजींना प्रवास झेपत नसेल तर नोटरीला घरी यायची विनंती करून पाहा.