गणिताच्या संग्रहालयात मुलांना नेलंय? अनुभव लिहा

न्यूयॉर्कचं मोमॅथ, जर्मनीतलं गीसनचं माथेमाटिकुम किंवा वस्तूंना हात लावू देणारं असंच कुठलंही ठिकाण. मुलं कुठे रमली, कुठे कंटाळली ते सांगा. तिकीट-पार्किंगची माहिती नको, ती कुठेही मिळते.

न्यू जर्सीहून
मोमॅथ २०१२ पासून आहे, आम्ही मात्र आत्ता या सुट्टीत गेलो. लेकीला तिथे दिसली ती फक्त चौकोनी चाकांची तीनचाकी. बाकीचं संग्रहालय गेलं उडत! चाकं चौकोनी, पण गचके बसत नाहीत, कारण खालचा रस्ताच उंचवट्यांचा. घरी आल्यावर विचारते, "ते उंचवटे अर्धगोल का नव्हते?" मी गळ्यातली साखळी काढून दोन्ही टोकांना धरली. लोंबत्या साखळीला जो बाक येतो, तोच उलटा करून तिथे ओळीने मांडलाय. त्यावरून चौकोन लोळला की त्याचा मध्य एकाच उंचीवर राहतो. एवढं तिला पटलं. मग तिच्या बाबाने कागद घेऊन समीकरण मांडायला सुरुवात केली आणि बाईसाहेब उठून गेल्या.

फ्रँकफुर्टहून
माथेमाटिकुम २००२ साली सुरू झालं, गणिताचे प्राध्यापक आल्ब्रेख्त बॉयटेल्सपाखर यांच्या पुढाकाराने. तिथे मधोमध उभं राहून दोरी ओढली की साबणाच्या पाण्याचा पडदा आपल्याभोवती वर चढतो. धाकटा कोपर लावून दर वेळी फोडायचा. मोठीने बरोबर टिपलं, की पडदा पिंपासारखा सरळ राहत नाही, कमरेत आत जातो. वरची साखळी वाचून आठवलं: तोच बाक गोल फिरवला की दोन कड्यांमधल्या साबणाच्या पडद्याचा आकार मिळतो. कमीत कमी क्षेत्रफळात भागवायचं, हा साबणाचा कंजूषपणा!

नाव-गाव राहू दे
आमचा अनुभव बरा नाही. निम्मे खेळ बंद, उरलेले स्क्रीनवरचे. पोरं बटणं बदडत होती. "यापेक्षा घरचा आयपॅड बरा," इति चिरंजीव. खरं होतं.

पुण्याहून
आमच्याकडे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचा काडेपेटीच्या काड्यांचा खेळ चालतो. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडायला घ्यायचे. त्रिकोण दाबला तरी ढिम्म, चौकोन लगेच मान टाकतो. भाचीने आपणहून त्यात तिरकी काडी बसवायला घेतली, ती आखूड पडली. दोन काड्या जोडल्या तर जास्त लांब! शेवटी मोडून बसवली. कर्ण बाजूपेक्षा किती मोठा, हे शाळेत शिकायला तिला अजून वेळ आहे.

न्यू जर्सीवाल्या ताई, त्या तीनचाकीला उंचीची अट असते का? मे महिन्यात भाऊ-वहिनी भाचीला घेऊन तिकडे येतायत.